पेटीत सापडलेला सालदार

पत्र थोडक्यात असं : लिहिणाऱ्या ताई ६१ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, राहायला जळगावला. माहेर चोपडा तालुक्यात, तापीकाठी. गेल्या वर्षी वडील गेले. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तीसेक पोस्टकार्डं, काही मोडी कागद, शेतांचा हातानं काढलेला नकाशा आणि आजोबांच्या निधनाचं १९६८ चं वर्तमानपत्रातलं कात्रण सापडलं. कात्रणात आजोबा ‘बागलाणच्या वतनदार घराण्यातील’ आहेत, वय ७०. एका मोडी कार्डावर मात्र, वाचून देणाऱ्या गृहस्थांच्या म्हणण्याप्रमाणे, असं आहे : ‘यंदा नवा सालदार राघो ठेविला. बागलाणाकडील आहे. कामास बरा. बायको दोन जिवांची, सबब खळ्यालगतची खोली दिली.’ मिती वैशाख शुद्ध ५, शके १८२३. गावातल्या तेव्हाच्या एका मोठ्या शेतकऱ्यानं धुळ्याला असलेल्या भावाला ते लिहिलं. राघो हे ताईंच्या पणजोबांचं नाव. बागलाण म्हणजे आजच्या नाशिक जिल्ह्यातला भाग.

चुलतभाऊ घराण्याची पुस्तिका छापतो आहे. श्रावणात कानबाईला भाऊबंद जमतील तेव्हा ती वाटायची. ८२ वर्षांचे काका म्हणतात, सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी) हा शब्द छापायचा नाही, घरात अजून लग्नाच्या मुली आहेत. शिवाय, ‘लेकीला वंशावळ कशाला हवी? तुला जमिनीचे कागद हवेत. आधी हक्कसोड कर, मग पेटी ने.’ ताई विचारतात : खरं लिहू की घर राखू? आणि काकांचा विश्वास बसावा म्हणून सही करून टाकू का?

ताई,

सहीचं आधी सांगते, कारण तिथे घाई झाली तर मागे फिरता येत नाही. करू नका. हक्कसोड हा नोंदणी कार्यालयात होणारा पक्का दस्त आहे, समजूत काढायचं साधन नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क दिला आहे आणि २००५ मध्ये वडील हयात नसले तरी तो हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. तुमचे वडील तर कालपरवापर्यंत होते. उद्या तुम्हाला मनापासून वाटलं, की शेत भावांनीच करावं, तर जरूर सोडा. पण ते वेगळ्या दिवशी, वकिलाला विचारून, आणि पेटीच्या बदल्यात नव्हे.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या शोधाच्या कामाची आहे. समजा तुम्ही सही केलीत. पन्नास वर्षांनी घरातली एखादी मुलगी तो दस्त उघडेल. त्यात लिहिलेलं असेल : ‘कोणत्याही दडपणाशिवाय, स्वखुशीने.’ ती त्यावर विश्वास ठेवेल, कारण शिक्का आहे, स्टॅम्प आहे, दोन साक्षीदार आहेत. काकांचं पेटीवर हात ठेवून बोलणं त्या कागदात कुठेही नसेल.

हीच नजर आता तुमच्या पोस्टकार्डाकडे आणि कात्रणाकडे वळवा. तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली मला दिसली : कार्ड खरं आणि कात्रण खोटं. कात्रण घरच्यांनी मोठेपणासाठी लिहिलं, कार्डाला खोटं बोलायचं कारण नव्हतं, असा तुमचा हिशेब आहे. तो अर्धाच बरोबर आहे. दोन्ही कागद कुणीतरी, कुणासाठीतरी, कशासाठीतरी लिहिलेले आहेत.

कार्डापासून सुरुवात करू. शके १८२३ मध्ये ७८ मिळवले की १९०१. वैशाख शुद्ध ५ म्हणजे आखाजीनंतर, अक्षय्य तृतीयेनंतर, दोन दिवसांनी. आपल्याकडे सालदाराचं साल आखाजी ते आखाजी. म्हणजे मालकानं नवं साल ठरवल्याबरोबर भावाला कळवलं. मिती आणि मजकूर एकमेकांना इतके धरून आहेत, की कार्डाबद्दल शंका घ्यायला जागा कमी. तरी पत्त्याच्या बाजूचा टपालाचा शिक्का भिंगानं पाहा, तिथे इंग्रजी तारीख मिळते. पुष्कळ लोक फक्त मजकुराच्या बाजूचा फोटो काढतात आणि निम्मा पुरावा सोडून देतात.

आता पुढचा प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही. कार्ड गेलं धुळ्याला. मग ते तुमच्या माळ्यावर कसं? तुमचे पणजोबा त्याचे लिहिणारेही नाहीत आणि घेणारेही नाहीत. मला दोन वाटा सुचतात. धुळ्याचे भाऊ पुढे गावी परतले आणि आपली पत्रं घेऊन आले, आणि नंतर त्या घराचे कागद जमिनीबरोबर तुमच्याकडे आले, ही एक. जमीन विकत आली की मागच्या मालकाकडचं दप्तर, टिपणं, पावत्या असं सगळं बासन घरात येतं, त्यात चार खासगी चिठ्ठ्याही येतात. दुसरी वाट कूळ कायद्याची. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानलं गेलं. त्या कायद्यातल्या कलमांचे ‘बत्तीस ग’ आणि ‘बत्तीस म’ हे शब्द तुमच्या काकांनी नक्की ऐकले असतील. राघोंचा मुलगा त्याच मालकाचं कूळ असेल, तर मालकाच्या घरचे कागद तुमच्या पेटीत असण्याचं नवल नाही. यातलं कोणतं खरं, हे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदी, सांगतील. आणि ते सांगतील तेव्हा सालदाराच्या गोष्टीचा दुसरा भाग तुमच्या हाती असेल : खळ्यालगतच्या खोलीतून शेताच्या बांधापर्यंत ही माणसं कशी पोचली.

तिसरा प्रश्न अवघड आहे. हा राघो तो राघोच कशावरून? आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, एका गावात एका काळात चार राघो सहज असतात. कार्डात बापाचं नाव नाही, आडनाव नाही. ‘बागलाण’ या एका शब्दानं ते कात्रणाशी जुळतं. तो दुवा चांगला आहे, पण एकटा आहे. आणि वाचनही एकाच माणसाचं आहे. मोडीत ओळ आधी आखून घेतात आणि हात न उचलता लिहीत जातात. शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. कुठे तोडायचं हे वाचणाऱ्याच्या हाती. म्हणून ते कार्ड दुसऱ्या वाचकाला द्या आणि पहिल्यानं काय वाचलं हे त्याला सांगू नका. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले आणि त्यांनी जमवलेल्या कागदांभोवती ही संस्था उभी राहिली. तिथे चौकशी केलीत तर जाणकार माणूस कळेल. राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्गही घेतं. तुम्ही शिक्षिका आहात, हाताला वळण आहे. स्वतः शिकलात तर उरलेले कागद वाचायला कुणाची वाट पाहावी लागणार नाही.

आता कात्रण. निधनाची बातमी वर्तमानपत्र लिहीत नाही, घरचं कुणीतरी रात्रभर जागलेलं माणूस लिहून देतं. नाव, वय, ‘त्यांच्या पश्चात’, अंत्ययात्रेची वेळ, आता गंधमुक्तीची तारीख. यात पक्कं काय असतं? मृत्यूचा दिवस, कारण लोक त्या दिवशी आलेले असतात. पश्चात असलेल्यांची यादीही बहुतेक बरोबर, कारण एखादं नाव राहिलं तर तेराव्याच्या आत भांडण होतं. पण ‘मूळचे अमुक’ हे ऐकीव असतं आणि वय तर अंदाजानं गोल केलेलं असतं. १९६८ मध्ये ७० म्हणजे जन्म १८९८ चा. कार्डावरून पोटातलं मूल १९०१ चं. तुम्ही लगेच धरून चाललात, की ते मूल म्हणजे आजोबा आणि ७० हा आकडा चुकीचा. तसंही असेल. किंवा आजोबा तीन वर्षांचे असताना आईबापाचं बोट धरून आले असतील आणि पोटात दुसरंच कुणी असेल, ज्याचं नाव आज घरात कुणालाच ठाऊक नाही. ती शक्यता उघडी ठेवा.

आणि ‘वतनदार’. पाटीलकीची वतनं १९६२ च्या कायद्यानं गेली. कात्रण १९६८ चं. म्हणजे त्या शब्दामागची सत्ता नुकतीच गेली होती, मान तेवढा उरला होता, आणि गावोगावची माणसं तो मान शब्दात धरून ठेवत होती. तुमच्या घरच्यांनी तो उगाच चिकटवला असेल, असंही नाही. वतन एका घराचं नसे, तक्षिमदार, म्हणजे वाटेकरी, असत, पाळ्या असत. धाकट्या पातीच्या वाट्याला नाव यायचं, पोट भरेल एवढी जमीन यायचीच असं नाही. त्यात शके १८२१, संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ आला. खानदेशाला आणि आजूबाजूच्या मुलखाला त्यानं झोडपून काढलं, गुरं मेली, माणसं गाव सोडून चालू लागली. १९०१ च्या आखाजीला बागलाणाकडचा माणूस गर्भार बायकोसह तापीकाठी सालदार राहतो, यात मला तो दुष्काळच दिसतो. वतनदार घरातला धाकटा मुलगा आणि खळ्यावरचा सालदार हा एकच माणूस असू शकतो, ताई. तुमच्या घरात दोन पक्ष पडलेत ते या दोन शब्दांवरून, आणि शब्द कदाचित भांडतच नसतील.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात : ‘जावळाला आम्ही म्हसदीला धनदाईला जातो, एवढ्या लांब का, हे कुणी सांगत नाही.’ मी ते वाक्य दोनदा वाचलं. म्हसदी साक्री तालुक्यात, बागलाणाच्या शेजारी. चोपड्याहून मनुदेवी किती जवळ! तरी तुमचं घर पिढ्यानपिढ्या मुलाचं डोकं घेऊन पश्चिमेला जातं. तुमच्याकडे बागलाणाचा जो तिसरा पुरावा आहे तो हाच, आणि तो कागदावर नाही. माणसं गाव सोडतात, आडनाव बदलतात, देवी सहसा बदलत नाहीत. खानदेशात तर आडनावावर विसंबूच नये. पाटील, चौधरी, महाजन, देशमुख हे मान आणि हुद्दे आहेत, त्यांच्याखाली मूळ कुळाचं नाव दडलेलं असतं. एकाच आजोबांचे दोन नातू शाळेच्या दाखल्यावर वेगळ्या आडनावांनी लागलेले मी पाहिले आहेत. कुलदैवत, देवक आणि कानबाईच्या नैवेद्याचा रोट कुणाकुणात खाल्ला जातो, हे लिहून काढा. पुरुषागणिक सव्वा मूठ गहू मोजताना म्हातारी माणसं जी नावं घेतात, ती ऐका. जो रोटाला बसतो तो तुमचा भाऊबंद, मग सातबाऱ्यावर काहीही असो.

आता कागद कुठे शोधायचे, हे तुमच्यासारख्या इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहिते. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता, मुख्य ठाणं धुळे. मग पूर्व आणि पश्चिम झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. म्हणून तुमचं गाव आज जळगाव जिल्ह्यात असलं तरी १९०१ चा एखादा कागद धुळ्याच्या दप्तरात असू शकतो. तालुक्यांचंही तसंच. १८८० च्या गॅझेटियरमध्ये जळगाव तालुका सापडत नाही, तो भाग नशिराबाद तालुक्यात आहे. शिंदखेड्याच्या जागी विरदेल आहे, साक्रीच्या जागी पिंपळनेर. चोपडा चोपडाच आहे, तेवढं तुमचं सोपं. बागलाण, मालेगाव हा भाग १८६९ पर्यंत खानदेशातच होता, मग नाशिक जिल्हा झाला तसा तिकडे गेला. राघोंच्या वडिलांचा माग काढायचा तर नाशिककडे वळावं लागेल.

पहिला अर्ज मात्र घरच्याच गावाचा करा : गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. जन्ममृत्यूची ही वही तहसील कार्यालयात मिळते. १९०१ आणि १९०२ ची दोन वर्षं मागा. मुलाचं नाव नसेल, ‘राघो अमुक यास मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच असेल, आईचं नावही बहुधा नसेल. पण राघोंच्या बापाचं नाव तिथे मिळण्याचा संभव सर्वांत जास्त, आणि ते मिळालं की चार राघोंतला तुमचा कोणता ते ठरतं. कार्यालयात तुम्हाला विचारतील, ‘जातपडताळणीसाठी का?’ २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात त्या वह्यांना फार हात लागले आहेत. शांतपणे सांगा, घरच्या इतिहासासाठी.

नाव हाती आलं की त्र्यंबकेश्वर. तीर्थपुरोहितांच्या वह्यांत गाव आणि कूळ यांप्रमाणे नोंदी असतात, यात्रेला किंवा श्राद्धाला आलेला माणूस बाप, आजा, भाऊ, मुलं सांगून जातो. तिथे जाताना आजचं गाव सांगून थांबू नका, बागलाण आणि धनदाईही सांगा. तुमच्या समाजाचे वंशावळी राखणारे भाट येत असतील तर त्यांची वहीही ऐका. ती मोठेपणानं सुरू होते, पण मधल्या पाच-सात पिढ्या पुष्कळदा नीट असतात.

बाकीच्या कार्डांचा काळ ठरवायला दोन-चार खुणा पुरतात. पोस्टकार्ड आपल्याकडे १८७९ मध्ये आलं. एडवर्ड राजाचं चित्र असेल तर ते १९०१ नंतरचं. आंतरदेशीय पत्र १९५० पासून. नवे पैसे १९५७ पासून. पत्त्यात पिन असेल तर १९७२ च्या पुढचं. मायना मात्र अक्षर न अक्षर वाचा. जुनी माणसं ‘तीर्थरूप’ आणि ‘तीर्थस्वरूप’ यांत फरक करत, पहिलं आईवडिलांना, दुसरं इतर वडीलधाऱ्यांना. नेहमीच पाळत असं नाही, पण ज्याला घरात बाबा समजत आलो त्याला कुणी ‘तीर्थस्वरूप’ लिहिलेलं दिसलं, तर तिथे थांबून विचार करावा. ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ यांवरून एखाद्या बाईचा नवरा कोणत्या दोन पत्रांच्या मधे गेला, ते कळतं. आणि एक ध्यानात घ्या, पेटीत मरणाचं पत्र बहुधा नसेलच. माथ्यावर ‘श्री’ नसलेलं ते कार्ड वाचून फाडायची रीत होती, घरात ठेवत नसत. त्यामुळे जुन्या पेट्यांत माणसं जन्मतात, त्यांची लग्नं होतात, ती शिकायला जातात आणि मग एकाएकी त्यांचा उल्लेख थांबतो. १९१८ च्या मानमोडीच्या साथीच्या आसपास असं नाव थांबलेलं दिसलं, तर मृत्यूची नोंद त्या वर्षात शोधा.

नकाशा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो मला पुराव्यापेक्षा काकांसाठी हवा आहे. तुम्ही लिहिता, त्यात विहीर, बांध, एक निंब आणि चार वाट्यांच्या रेघा आहेत, क्षेत्र एकर-गुंठ्यांत आहे. म्हणजे तो इंग्रजी मोजणीनंतरचा, बिघ्यांच्या काळातला नाही, आणि हेक्टर-आर येण्यापूर्वीचा. आपल्याकडे मोजणी सहज आली नव्हती. १८५२ मध्ये सावदा, रावेर, चोपडा, एरंडोल या भागात लोक तिच्याविरुद्ध उठले होते, फौज आणावी लागली होती. त्या मोजणीचे सर्व्हे नंबर पुढे एकत्रीकरणात गट नंबर झाले, म्हणून आजचा सातबारा आणि तुमचा नकाशा थेट जुळणार नाही. भूमी अभिलेख कार्यालयात जुन्या सर्व्हे नंबरचा नवा गट कोणता, ते कळतं. पण हे नंतर. आधी नकाशाची मोठी झेरॉक्स काढा, काकांच्या खाटेजवळ बसा आणि एकच गोष्ट विचारा : ‘काका, हा निंब कोठे होता?’

जमीन कुणाच्या नावावर, कितीला घेतली, यातलं काही विचारू नका. निंब विचारा. विहिरीचं पाणी कसं होतं, खळं कुठल्या बाजूला होतं, लहानपणी गुरं कुठून न्यायचे. हातानं काढलेल्या नकाशात वरची बाजू उत्तरेची असेलच असं नाही, तो काकांच्या हातात द्या म्हणजे ते स्वतःच फिरवून नीट धरतील. ८२ वर्षांच्या माणसाला आजवर कुणी हे विचारलेलं नसतं. त्यांना वाटतं, पुतणी आली ती कागदासाठी. आणि तुमचं पत्र वाचून मला वाटलं, तुम्हीही काकांकडे पेटीवर बसलेला माणूस म्हणूनच पाहू लागला आहात. कार्डं सव्वाशे वर्षं टिकली, अजून टिकतील. काकांची आठवण टिकणार नाही.

फेरफारांच्या नकला काढायला जाल, तर जाण्याआधी काकांना सांगून जा. अर्ज कुणीही करू शकतं, हे खरं. पण तलाठ्याकडची गोष्ट दिवेलागणीच्या आत ओट्यावर पोचते, आणि ती दुसऱ्याच्या तोंडून कळली की त्यांचा संशय खरा ठरतो. पेटी मागूच नका. पेटी तिथेच राहू द्या. दिवसाच्या उजेडात, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, घड्या जबरदस्तीनं उलगडू नका, फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. कागद सुती कापडात, वेखंडाच्या पुरचुंडीसोबत परत ठेवा. फोटोंची एक प्रत चुलतभावालाही द्या. सगळ्यांकडे सगळं आलं की पेटीवर हात ठेवायचं कारण उरत नाही.

‘खरं लिहू की घर राखू’ याबद्दल माझ्या घरचं सांगते. माझ्या आजीचं पहिलं लग्न झालेलं होतं, आजोबांशी पाट लागला होता, आणि माझी एक आत्या पहिल्या घरची होती. हे मला एका जुन्या पत्रावरून कळलं. मला शोध लागल्याचा इतका आनंद झाला, की मी तो एका लग्नघरी, जेवणाच्या पंगतीनंतर, सगळ्यांसमोर सांगितला. आत्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. ती काही बोलली नाही. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘मला ठाऊक होतं, बाई. मला एकदा विचारलं असतंस.’ ती पुढे चार वर्षं जगली आणि त्या विषयावर माझ्याशी कधी बोलली नाही. मला पत्रातल्या तीन ओळी मिळाल्या होत्या, तिच्याजवळ सगळी गोष्ट होती, आणि ती माझ्यामुळेच मला मिळाली नाही. तेव्हापासून मी शोधणं आणि सांगणं ही दोन कामं वेगळी ठेवते. शोधायला कुणाची परवानगी लागत नाही. सांगण्याआधी, ज्याच्या अंगावर ते पडणार आहे त्याला विचारावं लागतं.

काकांच्या भीतीला हसू नका. लग्न जमवताना ‘मूळचे कोण’ हे आजही विचारतात, आणि सालदार म्हटलं की काही घरांत बोलणं थांबतं. ते चूक आहे. आखाजीला ठरलेल्या शब्दावर वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबणं, पहिल्याच वर्षी मालकाच्या लेखणीतून ‘कामास बरा’ हे उतरणं, हे मला बागलाणच्या वतनापेक्षा मोलाचं वाटतं. पण ते मला वाटून उपयोग नाही. पुस्तिकेत नाव काकांचं आहे आणि त्यांना त्या मांडवात बसायचं आहे.

म्हणून यंदाच्या पुस्तिकेसाठी एक सुचवते. घरातल्या दोन्ही पक्षांना मान्य होईल तेवढंच छापा : ‘मूळ पुरुष राघो, सन १९०१ च्या सुमारास बागलाणाकडून या गावी आले. कुलदैवत धनदाई, म्हसदी.’ सालदार नको, वतनदारही नको. ही दुसरी अट तितकीच पक्की धरा. तुम्ही एक शब्द मागे घेताय, त्यांनीही एक घ्यावा. चुलतभाऊ म्हणेल, वतनदार तर वर्तमानपत्रात आहे. त्याला म्हणा, सालदारही कागदावर आहे, दोन्हींचा शोध लागेपर्यंत दोन्ही थांबतील. तोवर दुसरं वाचन येईल, कोतवाल बुक येईल. काका स्वतःच काही बोलतील, असं मला वाटतं. इतक्या ठामपणे जो शब्द छापायचा नाही म्हणतो, त्याला तो तुमच्या कार्डाआधीच ठाऊक असण्याचा संभव बराच आहे.

‘लेकीला वंशावळ कशाला’ याचं उत्तर काकांना तोंडी देऊ नका. तुम्ही पाठवलेली वंशावळ मी पाहिली. राघो, त्यांचा मुलगा, त्याचे तीन, त्यांचे सात. चार पिढ्या आणि एकही बाई नाही, तुमचंही नाव नाही. आणि तुम्ही स्वतः तीन पानांच्या पत्रात राघोंबद्दल सतरा प्रश्न विचारलेत, त्यांच्या बायकोबद्दल एकही नाही. ती पोटुशी बाई बागलाणातून तापीपर्यंत आली. त्या कार्डावर खोली मिळाली ती राघोंमुळे नव्हे, तिच्यामुळे : ‘सबब खोली दिली.’ तुमचं घर त्या गावात उभं राहिलं त्याचं लेखी कारण ती आहे.

तिचं नाव सरकारी दप्तरात कदाचित एकदाच असेल, राघो वारल्यावरच्या वारसाच्या फेरफारात, ‘मयताची विधवा’ म्हणून. पण त्याआधी घरातच पाहा. जुन्या बायकांची नावं कागदापेक्षा भांड्यांवर जास्त आहेत. लग्नात, बाळंतपणात दिलेल्या तांब्या-पितळेवर ठिपके टोचून नाव घालायची रीत होती, कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी मितीही. दुष्काळातून आलेल्या बाईनं फारसं काही आणलं नसेल. पण मुलाच्या लग्नात सुनेला एखादा हंडा दिला असेल, आणि सासू म्हणून तिचं नाव त्यावर असेल. माळ्यावर पेटीमागे पोत्यात भांडी आहेत, असं तुम्हीच लिहिलं आहे. चिंचेनं घासू नका, टोचलेली अक्षरं आधीच उथळ असतात. ओल्या फडक्यानं पुसा, विजेरी आडवी धरा आणि गळ्याखालचा भाग बोटानं फिरवत चाचपून बघा. काकूंना सोबत घ्या. कोणतं भांडं कुणाचं, हे काकांपेक्षा त्यांना जास्त माहीत असेल.